साप्ताहिक उत्पादन आराखडा

रविवारी रात्री भांडी आवरून झाली
की मी ओट्यावर कागद पसरतो.
कंपनीच्या जुन्या लेटरहेडची पाठकोरी बाजू,
अजून अर्धं रीम आहे घरात:
रबाळ्याचं युनिट बंद झालं तेव्हा
खोक्यातून आणलेलं,
स्टेपलर आणि एका कुंडीबरोबर.

सात ओळी, तीन रकाने.
एकोणीस वर्षं हेच केलं मी.
बाटल्यांची झाकणं, दिवसाला चाळीस हजार,
कुठल्या पाळीत कुठला साचा,
माल किती लागेल, पडून किती.
आता सोमवार: मुगाची आमटी, दुधी.
मंगळवार: मटकी.
(मटकीला दोन रात्री आधी सांगावं लागतं.
आमच्याकडे याला लीड टाइम म्हणत.)
बुधवारी आईची संकष्टी, म्हणजे साबुदाणा,
म्हणजे दाण्याचं कूट, म्हणजे ते आजच,
कारण पहाटे मिक्सर लावला
की वरचे किणी बेल वाजवतात.

तुर्भ्याच्या मार्केटात आम्ही चार बिऱ्हाडं मिळून जातो
मढवीच्या टेम्पोतून, उजाडायच्या आत.
कांद्याची एक गोण, टोमॅटोचं एक क्रेट,
परत कोपरखैरण्यात, जिन्याखाली, काट्यावर वाटणी.
मढवी माझा वाटा तोलताना
एक टोमॅटो जास्तीचा टाकतो
माझ्याकडे न बघता.
तो टोमॅटो
मी कुठल्याच रकान्यात लिहीत नाही.

पहिल्या महिन्यात सगळंच फसलं.
गवार सडली. पोळ्या उरल्या, त्यांचा कुस्करा केला,
कुस्कराही उरला.
मंजिरी लॅबमधून आठला आली,
फ्रिज उघडून उभी राहिली जराशी,
मग कोथिंबीर निवडून फडक्यात गुंडाळली.
"तू कशी करायचीस?" मी विचारलं. "कुठे लिहून ठेवायचीस?"
"मी कुठे प्लॅनिंग करायचे," ती म्हणाली,
"मी डबे भरायचे."

तिथे माझ्या नावाची पाटी होती दारावर.
खाली हुद्दा.
असो.

आता बरं चाललंय.
सोमवारची आमटी मंगळवारी सकाळी
थालीपिठात जिरवतो, कुणाला कळत नाही.
आईला कळतं. पहिल्याच घासाला म्हणते,
"सोमवार परत आला वाटतं."
उरलेले पैसे गुळाच्या डब्याच्या झाकणात:
या आठवड्यात दोनशे साठ.
मागच्या आठवड्यात सिलिंडर संपला,
तेव्हाचं लिहीत नाही.

आईला गोळी देऊन परत आलो
तर कागदावर पेन्सिल.
रविवारची ओळ मी कोरी सोडतो नेहमी
(राखीव साठा; यंत्र कधीतरी बिघडतंच)
तिथे ऋजुतानं लिहिलं होतं,
कुणी वाचू नये इतक्या बारीक अक्षरात:
बिर्याणी?

दहावीत आहे. मागत नाही काही.
सहलीचं पत्रक तिनं दाखवलंच नव्हतं आम्हाला,
दप्तरात सापडलं, तारीख उलटल्यावर.

मी हिशेब मांडला.
चिकन पाऊण किलो. तांदूळ आहे. दही घरी लावू.
केशर कशाला, हळद काय वाईट आहे.
आईला त्यातच वेगळी, बटाट्याची.
बसतंय.
मढवीचा टोमॅटो धरून बसतंय.

तिच्याच कंपासमधलं खोडरबर घेतलं
आणि शेवटचं तेवढं चिन्ह पुसलं.
कागद फ्रिजला लावला, चुंबकाखाली.

मग मटकी भिजत घातली,
पाणी चार बोटं वर.