अनुक्रमांक चौदा

तीनला अकरा मिनिटं होती
तेव्हा द्वारका हरपळे टेबलापाशी आल्या.
अर्ज भरलेला, शपथपत्र नोटरी केलेलं,
अनामत रकमेची पावती पदराच्या गाठीत.
मी मतदारयादी उघडली.
सूचकाचं नाव निघालं शेजारच्या प्रभागात,
एका गल्लीनं चुकलेलं.
नियम आहे, मी म्हटलं.
तीनला दार लागतं, हेही सांगितलं.

त्या खाली मिळकतकराच्या रांगेत गेल्या
आणि एका गृहस्थांना घेऊन आल्या,
हातात कापडी पिशवी, कपाळाला आठी.
यादी भाग बेचाळीस, नाव सहाशे तिसरं.
खिशातलं स्वतःचंच पेन काढून त्यांनी सही केली.
"मत देईनच असं नाही," म्हणाले,
"पण उभं राहायला कुणाची ना नसावी."
परत गेले तर रांगेतला नंबर गेलेला.

छाननीत अर्ज टिकला.
मग चिन्हं, मग क्रम:
आधी पक्ष, शेवटी अपक्ष,
त्यातही आडनावं अ-पासून.
ह आला तळाला.

"शाळेतही हजेरी माझ्यापाशी संपायची,
तोवर बाई वही मिटायला लागलेल्या."
यादीवरून फिरणारं त्यांचं बोट थांबलं.
"माझ्याखाली कोण?"
"वरीलपैकी कोणीही नाही."
"बरंय. शेजार तरी शांत मिळाला."

मी पट्टी धरली,
त्या दोन ओळींच्या मधे रेघ मारली.
जराशी वाकडी गेली.
खाडाखोड चालत नाही.