आवक

बेतीला, मालीम जेटीच्या अलीकडे
आमचा बर्फाचा कारखाना.
मिठाच्या पाण्यात रांगेने बुडवलेले डबे,
आणि अमोनियाचा वास पडद्यांना, उशांना,
मुलांच्या गणवेशालासुद्धा.
एक लादी गोठायला दीड दिवस.
सगुण म्हणतो दीड, तर दीडच.
वीस वर्षांत त्याचा बर्फ कधी उशिरा आला नाही.

आता हुमणाच्या वाटीखाली नकाशाचं टोक दाबून
युगा विचारते, औली की गुलमर्ग?
वेदांगला सोलांगच हवं,
कारण वर्गातला रॉयस्टन तिथे पडला
आणि त्याचा पुढचा दात
अजून तिथल्याच बर्फात आहे.

आमच्या हातात दिवस नऊ.
गोंयच्या सायबाचं फेस्त उरकलं की
नाताळासाठी हॉटेलं लाद्या मागायला लागेपर्यंत,
तेवढीच फट.
तेव्हा खोल्या स्वस्त असतात,
उतारावर गर्दी नसते,
शिकवणारा एकेका मुलाचा हात धरून शिकवतो.
फक्त बर्फाचं तेवढं
नक्की नसतं.

“न पडलेल्या बर्फाचे आगाऊ पैसे?”
सगुणने काटा ताटाच्या कडेला ठेवला.
“मी असे घेतले असते ना,
तर ट्रॉलरवाल्यांनी मला मांडवीत बुचकळला असता.”
युगा म्हणाली, बाबा, नाहीच पडला
तर औलीला यंत्राने करतात.
तो इतका हसला की त्याला ठसका लागला.
दोन विमानं, एक रेल्वे, आठ तास घाट,
आणि शेवटी काय बघायचं,
तर कॉम्प्रेसर!

बस्त्यांव आमच्याकडे लाद्या फोडतो.
गोणपाट खांद्यावर टाकून दारात उभा होता,
हिशेबासाठी.
सगळं ऐकून घेतलंन, मग विचारलंन,
“आभाळातनं पडतो तो?
आणि मग भरतं कोण?”
कुणी भरत नाही, वेदांग म्हणाला.
तिथेच राहतो. लोक त्याच्यावरून घसरतात.
बस्त्यांव बराच वेळ गप्प.
नासाडी, एवढंच म्हणाला.

गुलमर्ग महाग निघालं.
सोलांगवरून रडारड झाली,
दाताचं मी समजावलं कसंबसं.
रात्री अकराला सगुणने औलीला फोन लावला,
कुणी नेगी म्हणून, चार खोल्यांचं घर चालवतात.
मी भांडी विसळत ऐकत होते.
बर्फ आहे का?
नाही अजून.
पडेल?
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
मग ते गृहस्थ म्हणाले, येईल.
शपथ नाही, तारीख नाही,
येईल.

हा आवाज आमच्या घरातला.
वीज गेलेली, टाकीतलं पाणी अर्धवट दुधाळ,
जेटीवर तीन ट्रॉलर इंजिन चालू ठेवून उभे,
तांडेल शिव्या घालतोय,
आणि सगुण दारात उभा राहून
याच आवाजात सांगतो, येईल.
मला ठाऊक आहे, तेव्हा त्यालाही ठाऊक नसतं.

पैसे पाठवलेन त्याच रात्री.
मला म्हणाला, माणूस बरा वाटला.
मग म्हणाला, हातमोजे विकत नको,
कारखान्यातले रबरी आहेत चार जोड.
त्यावर युगा जी किंचाळली
ती शेजारच्या बारपर्यंत गेली असणार.

सगळे झोपल्यावर मी वही काढली.
ट्रॉलरचं नाव, लाद्या, येणे बाकी.
बर्फाच्या पानावर आमच्याकडे एकच रकाना,
जावक.
इतकी वर्षं दुसरा लागलाच नव्हता.
डिसेंबरच्या पानावर पट्टी ठेवून
मी शेजारी एक उभी रेघ मारली,
वर लिहिलं, आवक.
खाली काही लिहिलं नाही.
बाहेर क्रशर सुरू झाला होता,
चुरा पन्हळीतून होडीत पडत होता, खरखर,
आणि त्याच्याखाली उघडं तोंड करून
कुणीच उभं नव्हतं.