आभार

म्हात्रे पुलाखालून पाणी भरून आणलं मी.
सतरा बाटल्या.
रिक्षात क्रेट मांडीवर,
डेक्कनच्या वळणावर एक कलंडली,
म्हणून सोळा.

पेपरात चाळीस आहेत.

मॅडमनी अंक दिला हातात. गुळगुळीत कागद,
शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत
नमुने गोळा करण्यास साहाय्य केल्याबद्दल
श्री. बबन ओव्हाळ यांचे आभार.
लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच छापलं गेलं नाव.
घरी नेला. बायकोनं पिठाचे हात पुसून धरला.
पोरीनं इंग्रजीतून वाचलं, मग अडखळली,
"बाबा, एवढ्या बाटल्या कधी आणल्या?"

बाटल्या मी धुतो.
आधी ॲसिड, मग तीनदा नळाचं, मग डिस्टिल्ड,
मग उपड्या, फडक्यावर.
आमच्या लॅबमध्ये चाळीस बाटल्या नाहीतच.
चोवीस आहेत. पाचांची झाकणं हरवलीत.

मॅडम वाईट नाहीत.
प्रमोशनची फाइल तीन वर्षं अडकलीय,
आणि जूनमध्ये पोरीची फी
त्यांनीच भरली, कुणाला न सांगता.

तरी सोमवारी चहा ठेवताना म्हणालो,
माझं नाव काढता येईल का त्यातून?
"छापलेलं कसं काढणार, बबन?"
मग बराच वेळ त्या
बशीत सांडलेल्या चहाकडं बघत राहिल्या.

मी सिंकपाशी आलो.
बाटल्यांवर मार्करनं लिहिलेले आकडे,
एक ते सोळा, माझ्याच अक्षरात.
नव्या बॅचसाठी स्पिरिटनं पुसायचे असतात.

बोळा भिजवला,
आणि तसाच ठेवून दिला.