अठ्ठावीस माणसांचं माप

बोटीवरून तू कायमचा उतरलास
त्याला आज अकरा दिवस झाले.
दाभोळच्या या घरात अजूनही
प्रत्येक उंबऱ्याशी पाय उंच उचलतोस,
जणू पलीकडे पाणी थोपवून धरलंय कुणी.

परवा म्हणालास, मैमुना, तू बस.
उद्या रात्री भिजत घालतो, शुक्रवारचा नाश्ता माझा.
आणि यादी सांगितलीस:
पाव छप्पन्न, शिळेच हवेत,
अंडी साडेतीन डझन,
दूध सात लिटर.
निकाह कुणाचा आहे, मी विचारलं.
तू बोटांवर मोजत राहिलास,
कॅप्टन, चीफ, सेकंड, दोघे कॅडेट, तेलवाले...
अठ्ठावीसच्या खालचं माप
तुला येतच नाही, भंडारी.

चौतीस वर्षं.

भागाकार मी केला, कॅलेंडरच्या पाठीवर.
चौदाने भागलं आधी, म्हणजे तू आणि मी.
पाव चार, अंडी तीन, दूध अर्धा लिटर.
आकडे इतके छोटे आले
की मी ते खोडले,
आणि सातने भागलं.
येईल कुणीतरी.

नाक्यावरच्या बेकरीत शिळे पाव मागितले
तर खोतांचा पोरगा ओशाळला,
पैसे घेईना.

रात्री तू पाव तोडलेस, सुरी लावली नाहीस.
तोडलेला पाव जास्त पितो, म्हणालास.
टोपाला लोणी फासलंस, कोपरे शोधलेस
आणि टोपाला कोपरे नसतात म्हणून क्षणभर थांबलास.
साखर तपकिरी हवी होती तुला.
मी गूळ किसून दिला,
जायफळ आपल्याच झाडाचं.
तू वास घेतलास, हरकत घेतली नाहीस.
वर ताट, ताटावर वरवंटा,
आणि फ्रिजात बांगड्यांचा डबा
मी दोन पिशव्यांत बांधून खालच्या फळीवर ढकलला.

सकाळी ओव्हन लावलास,
तूच मागच्या खेपेला आणलेला,
ज्यावर मी आजवर इस्त्रीचे कपडे ठेवत आले.
बारा मिनिटं झाली
आणि वीज गेली.

तुझा हात बटणावर तसाच.
बोटीवर दिवे गेले की कुणीतरी खाली धावतं.
तू खाली जायचा जिना शोधत होतास.
आपल्या घराला खाली काही नाही.
जमीन आहे.

मग मी मागच्या पडवीत करवंट्या पेटवल्या,
निखारे होऊ दिले,
टोप चुलीवर मंद आचेला,
झाकणावर निखारे पसरले चिमट्याने.
दर ईदला नानकटाई अशीच तर भाजते मी,
तू कुठल्या कुठल्या बंदरातून
फोनवर खरखरत असतोस तेव्हा.
तू जवळ येऊन उकिडवा बसलास.
किती वेळ, विचारलंस.
वासावर, म्हटलं.
तू मनगटावरचं घड्याळ
बाहीखाली सारलंस.

एका बाजूने करपलं थोडं.
आत मात्र मऊ, हलवलं की थरथरणारं.
धक्क्यावरून येताना रिझवान डोकावला,
फेरीबोटीची तिकिटं फाडतो तो,
त्याला बसवलं, दोनदा वाढलं.
नाव काय याचं?
फ्रेंच टोस्ट कॅसरोल, तू सांगितलंस,
पाठ सरळ करून.
म्हणजे पावाचा खरवस, तो म्हणाला,
आणि तुला इतकं हसू आलं
की ठसका लागला.

उरलेला एक तुकडा तू बशीत काढलास,
वर दुसरी बशी पालथी घातलीस.
रात्रपाळीवाल्याचा, म्हणालास,
आणि मग काहीच बोलला नाहीस.
मी बशी हलवली नाही.

दुपारी चारला पाणी प्यायला उठले
तर स्वयंपाकघरात तू,
भिंतीला पाठ, पाय फाकवून रोवलेले,
एका हातात बशी
छातीशी धरून
उभ्याने खात होतास.