रात्रपाळी

दाढांचे माथे सपाट झालेत, टोकेकरबाई म्हणाल्या,
वरवंट्याखाली गेल्यासारखे.
वय एकोणचाळीस? दात तर साठीचे आहेत.
काही टेन्शन?

तोंडात आरसा, नळी, त्यांची दोन बोटं.
छतावर लहान मुलांसाठी ढग रंगवलेत,
एका ढगाला चष्मा आहे.
बोटं बाहेर आल्यावर मी म्हणालो, मार्च एंडिंग.
ऑगस्ट चालू होता.

खरंतर टेन्शन म्हणावं असं काही नाही.
कुणी दगड मारला नाही, घर सोड म्हटलं नाही.
पोलो ग्राउंडच्या ऑफिसात वीजबिलांच्या तक्रारी ऐकतो,
लोक चांगले आहेत, डब्यातली लसूणशेव पुढे करतात,
"भिया, तुम्हारा कब?" म्हणून हसतात.
मीही हसतो. चौदा वर्षं हसतोय.
फक्त हसण्याच्या आधी क्षणभर
जबडा आपोआप मिटतो,
जिन्यात पाऊल वाजलं की दार लोटून घ्यावं तसा.

घरी कोण असतं?
रूम पार्टनर.
दोन शब्दांतला एक खरा.

सोमवारी कुणी विचारतं, सुट्टीत काय केलं?
महेश्वरला गेलो होतो.
घाटावर बसलो, जेवलो, दोन दिवस राहिलो.
मी गेलो, आम्ही गेलो,
मराठीत क्रियापद तेच राहतं.
सर्वनाम तेवढं गाळायचं.
आता ते इतकं सवयीचं झालंय
की एकटा असतानाही गाळतो.

आई देवासहून येते त्या सकाळी
मुकुल दुसऱ्या खोलीतली चादर चुरगळतो,
उशीला मधोमध बुक्की मारून खड्डा पाडतो,
एक पुस्तक पालथं ठेवतो. एकदा
तेच पुस्तक, तेच पान, तिसऱ्या खेपेला दिसलं
तेव्हा आई म्हणाली, किती हळू वाचतो रे तुझा मित्र.
आम्ही तिघंही हसलो.
त्या रात्री म्हणे मी फार दात खाल्ले.

बाईंनी माझा फॉर्म हातात घेतला.
तक्रार: रात्री दातांचा आवाज येतो.
अक्षर माझंच.
हा आवाज तुम्हाला ऐकू येतो?
नाही, मी झोपेत असतो.
मग कुणाला येतो?

किती साधा प्रश्न.
विवाहित-अविवाहितच्या चौकोनात मी नीट खूण केली होती,
सोबत कोण, तिथे रेघ मारली होती,
आणि दातांनीच चहाडी केली.
बंद दाराआड, एका हाताच्या अंतरावर
कुणीतरी जागं असल्याशिवाय
ही तक्रार लिहिताच येत नाही.
वर चष्म्याचा ढग. घशात कापूर-लवंगेचा वास.
दातखीळ बसणं म्हणजे काय ते दातांच्या दवाखान्यात कळावं.

बाईंनी हातमोजे काढले.
नळाखाली हात धुतले, सावकाश, पाठमोऱ्या.
रोज होतो का आवाज, म्हणाल्या,
एवढं विचारून सांगा.
कुणाला, ते विचारलं नाही.
रात्री घालायची एक टोपी करू दातांसाठी.
त्याने खाणं थांबणार नाही हं,
दात वाचतील.

खाली मुकुल स्कूटरवर बसलेला,
दवाखान्यापासून दोन दुकानं सोडून,
नेहमीसारखा.
काय म्हणाल्या?
अठ्ठावीसशे रुपये. आणि विचारलंय, रोज होतो का.

त्याने आठवून पाहिलं, हिशेब करावा तसं
बोटांवर अंगठा फिरवत.
रोजच, म्हणाला.
मग स्कूटरला किक मारता मारता,
पाय तसाच वर धरून,
नाही, थांब.
महेश्वरला नव्हता.
दोन्ही रात्री नव्हता.
मला वाटलं, मलाच गाढ झोप लागली.