ताम्रपट

एप्रिलात कागद बोलतो.
नागपूरचं ऊन वाचनालयाच्या तळघरातही उतरतं,
कूलरच्या वाळ्यातून जरा ओलं होऊन,
आणि चारशे वर्षांचा जाड कागद
कडेकडेनं पापडासारखा कुरकुरतो.

मी यादी करते आहे. चित्र क्रमांक चौदा:
राजाचा नगरप्रवेश. तांब्यावर कोरून छापलेला.
साठ हात कमान, वर चार घोडे, कर्णा फुंकणारी देवी,
प्रत्येक मानकऱ्याच्या डोक्यावर एक बारीक अक्षर
आणि तळाशी अक्षरांचा खुलासा:
नगरप्रमुख, धर्मगुरू, तोफखाना, विणकरांचा संघ.

दौलत हेडाऊ पाणी प्यायला आला.
वर शताब्दीचं गेट बांधतोय, इतवारीहून बल्ल्या आणून.
हात लावू नका, म्हटलं. त्यानं हात पाठीशी बांधले
आणि कमान वाचली
खालून वर, जशी तो बांधतो.

"हे दगडाचं नाही, बाई.
लाकडाची चौकट, वरून कापड, कापडावर चुना.
तीन दिवसाचं काम हाय.
पन दोर कुठी गेले? एकबी गाठ नाही काढली बुवानं."

मी सांगितलं, पत्रा मिरवणुकीच्या आधीच कोरून झाला होता.
त्या दिवशी पाऊस आला, घोड्यांचा रंग ओघळला,
राजा मागच्या वेशीनं आत गेला.
शेवटच्या पानामागं कुणीतरी शाईनं तसं लिहिलंय.
"म्हंजे कामाच्या आधीच बिल फाडलं!"
तो इतका हसला की मी पान झाकलं.

आपल्याकडे तांब्यावर गाव लिहून द्यायचे,
चंद्रसूर्य असेपर्यंत.
यांनी तांब्यावर चुन्याकापडाचा दरवाजा लिहिला.
दरवाजा राहिला.
गावाचं नाव होतं तो कोपरा कसरीनं खाल्ला.

"हा कोन हाय?"
कमानीच्या सावलीत एक शिडी. शिडीवर एक माणूस,
तोंडात खिळे, डाव्या हातात हातोडी.
डोक्यावर अक्षर नाही.
मी भिंग धरलं. नव्हतंच.

तांब्यावर सगळं उलटं कोरावं लागतं.
धर्मगुरूला डाव्या हातानं आशीर्वाद द्यायला लावावा,
तेव्हा कागदावर तो उजवा होतो.
साऱ्या मिरवणुकीला कोरणाऱ्यानं असं जपून उलटवलं.
हा एकटा मात्र जसा दिसला तसाच उतरला असावा,
घाईत, खिडकीतून बघता बघता,
म्हणून छापताना डावा झाला.

हे सगळं मी हेडाऊला समजावलं.
"नाहीतर डावखुराच असंल," तो म्हणाला. "मीबी हाय."
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यांच्या गल्लीचा बडग्या निघतो,
बांबू, रद्दी, खळ. त्याचाही सांगाडा हाच बांधतो.
"शिव्या देत नेतो अन् जाळतो. त्याचं कोन चित्र काढते?"

तो वर गेला. छतातून ठोके येऊ लागले.
वर्णनाच्या रकान्यात मी कमान लिहिली, घोडे, देवी,
मग थांबून: शिडी, एक. माणूस, एक.
हात कोणता, ते लिहायचं राहिलंय.