जिन्यातला डबा

घरात माणसं सतरा, मजले तीन,
पासवर्ड एक:
सासऱ्यांच्या विकलेल्या होडीचं नाव
आणि पुढे तिचा नंबर.

राउटर टीव्हीच्या कपाटात, स्टीलच्या पिंपामागे,
कारण वायर तिथवरच पुरली होती.
तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सिग्नल
भरतीत उरलेल्या वाळूएवढा.

"मधली ऑफिसात कॉम्प्युटरवर असते,"
एवढ्या पात्रतेवर काम माझ्याकडे आलं.
मी टॅलीत बिलं भरते. पण सांगणार कुणाला?

रविवारी वही घेऊन निघाले,
खोलीखोलीत मोबाइल धरून उभी राहिले,
जसे सासरे दोरीला शिसं बांधून
पाण्याचा ठाव घ्यायचे.
इथे तीन रेघा. इथे दोन.
आरशाच्या कपाटामागे काहीच नाही,
बर्फाच्या पेटीपाशी येतो, जातो.

सगळ्यांचं म्हणणं, आधी आमची खोली.
जाऊबाईंची सुरमईची गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर,
हर्षलची परीक्षा,
वरचे दोघे भाडेकरू रात्रपाळीचे,
महिन्याला अडीचशे वेगळे देतात
म्हणून हक्काने बोलतात.

वरळी कोळीवाड्यात भिंतीला भिंत.
मोजले तर शेजारपाजारचे चोवीस राउटर,
बहुतेक सहाव्या चॅनलवर,
एकाच धक्क्याला साऱ्या होड्या.
मी आपला अकरावर नेऊन बांधला.

बिनतारी म्हणायचं
आणि चाळीस मीटर वायर ओढायची!
सासऱ्यांनी जाळं विणायची सुई आणली,
भिंतीच्या भोकातून टोक अलगद वर काढलं.
बोलले काही नाहीत.
गाठ मात्र अशी मारली
की सोडवायला मला कात्री लागली.

एक डबा खाली, एक वर.
तिसरा हातात उरला, आणि वहीत एक जागा:
दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधलं जिन्याचं वळण.
तिथे कुणी राहत नाही.

तिथे अकरानंतर नणंद बसते, सुलक्षणा,
ज्याचं नाव घरात घेत नाहीत त्याच्याशी बोलत.
पहाटे भाडेकरू, गावाकडे आईशी.
थोरले दीर हप्त्याची मुदत मागत असतात.
मीही बसले होते एकदा, बहिणीला फोन लावून,
नाक पुसत.
सिग्नल जेमतेम एका रेघेचा,
म्हणून जो तो ओरडून,
"हॅलो, ऐकू येतंय का?"
समोरच्याला येत नसे.
घराला सगळं येई.

तिसरा डबा मी तिथे ठोकला.
जाऊबाई म्हणाल्या, पैसे वर आलेत का?
हर्षल दोन दिवस बोलला नाही.
सासऱ्यांनी विचारलं, "इथे कोण राहतं?"
म्हटलं, भिंत जाड आहे.

आता जिन्यात कुणी ओरडत नाही.
सुलक्षणाचं काय ठरलं, कुणालाच ठाऊक नाही,
आणि जाऊबाईंना ते सोसवत नाही.

काल रात्री घसा सुकला म्हणून खाली निघाले.
वळणावर हिरवा दिवा, त्याखाली पाठमोरे सासरे,
कानाला फोन,
इतक्या हळू बोलत होते
की एवढा मऊ आवाज त्यांच्यापाशी आहे
हे मला सोळा वर्षांत कळलं नव्हतं.

मी आल्या पायरीवरून परत फिरले.
पाणी काय, सकाळीही पिता येतं.